शाळा बंद असताना घरोघरी निरोप कसा पोचवावा: बेळगाव सीमाभागातल्या नव्या मुख्याध्यापकांसाठी

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं, तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांच्या पालकांपुढे एक वेगळीच अडचण उभी राहिली. घरातल्या टीव्हीवर बातम्या मुंबईच्या, आणि शाळा चालते बेंगळूरच्या आदेशावर. महाराष्ट्रात त्या वर्षी दहावीचा राहिलेला भूगोलाचा पेपर रद्द झाला. कर्नाटकात एसएसएलसी, म्हणजे तिथली दहावी, पुढे ढकलली गेली आणि २५ जूनपासून ४ जुलैपर्यंत परीक्षा घेतली गेली. पुढच्या वर्षी फरक आणखी मोठा पडला. महाराष्ट्राने २०२१ ची दहावीची परीक्षाच रद्द केली, तर कर्नाटकाने ती १९ आणि २२ जुलै अशा दोन दिवसांत, बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपात घेतली. ‘दहावीची परीक्षा रद्द’ ही पट्टी टीव्हीवर दिवसभर फिरत असताना निपाणीच्या पोराने पुस्तक मिटून ठेवलं, तर त्याला दोष कसा द्यायचा? त्याच्यापर्यंत शाळेचा निरोप टीव्हीच्या आधी पोचायला हवा होता.

सीमाभागातल्या मराठी शाळेत नव्याने चार्ज घेतलेल्या मुख्याध्यापकांसाठी आणि त्यांच्या सहशिक्षकांसाठी हे लिहितोय. महामारी रोज येत नाही, पण शाळा अचानक बंद होण्याची वेळ आपल्याकडे येतच असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, वेदगंगा, दूधगंगेच्या पुराने ती आणली होती. खानापूर तालुक्यात जोराचा पाऊस लागला की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात. त्यामुळे खालची तयारी वाया जाणार नाही.

पहिली पायरी: घरांची वही

हे काम शाळा चालू असतानाच करायचं. बंद झाल्यावर करायला गेलात तर अर्धी घरं हाताला लागत नाहीत.

एसएटीएसवर, म्हणजे कर्नाटक शिक्षण खात्याच्या विद्यार्थी-नोंदीच्या ऑनलाइन यंत्रणेवर, प्रत्येक मुलाचा मोबाईल नंबर असतो. त्यावर विसंबू नका. कितीतरी नंबर प्रवेशाच्या दिवशी जो फोन हाताशी होता त्याचे असतात: मामाचा, शेजाऱ्याचा, कधी अर्ज भरून देणाऱ्या कॉम्प्युटरवाल्याचा. एक दोनशे पानी वही घ्या आणि मुलागणिक अर्धं पान सोडा. त्यावर हे लिहा: फोन कोणाचा, साधा की स्मार्ट, आणि तो घरी किती ते किती असतो. ही शेवटची नोंद सगळ्यात कामाची. उद्यमबागच्या फौंड्रीत जाणाऱ्या बापाचा फोन सकाळी त्याच्याबरोबर जातो आणि दिवेलागणीला परत येतो. निपाणीत विड्या वळणारी आई दिवसभर घरी असते, पण फोन थोरल्या मुलाकडे. ऊसतोडीच्या हंगामात तर नवरा-बायको दोघंही फडात. अशा घरी सकाळी अकराला पाठवलेला निरोप संध्याकाळी सातनंतरच वाचला जाणार, आणि तोवर त्यावर पन्नास ‘गुड मॉर्निंग’ चढलेले असणार.

त्याच पानावर घरात कोणती भाषा चालते तेही लिहा. मराठी शाळेतली सगळी घरं मराठी बोलतात असं धरून चालू नका. आई कन्नड बोलणारी, बाप मराठी, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. काही घरांत उर्दू चालते. आणि घरात वाचता येणारं माणूस कोण, हेही विचारा. हा प्रश्न मुलाला वर्गात सगळ्यांसमोर विचारू नका. पालकसभेला आईला बाजूला घेऊन हळूच विचारा.

वही भरली की प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक खूण करा. स्मार्टफोन संध्याकाळी घरी असतो ती घरं एका रंगाने, फक्त साधा फोन आहे ती दुसऱ्या रंगाने, आणि फोनच नाही किंवा रिचार्ज सतत संपलेला असतो ती तिसऱ्या रंगाने. रिचार्जची मुदत संपून दिवस गेले की येणारे कॉलही बंद होतात, म्हणजे फोन असून घर तिसऱ्या रंगातच. या तिसऱ्या रंगाच्या प्रत्येक घरासमोर एका माणसाचं नाव हवं: शेजारी, चुलता, किराणा दुकानदार, कोणीही, पण नावानिशी. ‘गल्लीतलं कोणीतरी सांगेल’ असं सोडलेलं घर शेवटी निरोपाविना राहतं.

वही शाळेच्या कपाटात ठेवू नका, घरी ठेवा. २०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातून परतलेल्या लोकांसाठी कितीतरी गावांत शाळेच्या खोल्याच क्वारंटाइन केंद्र झाल्या होत्या. किल्ली पंचायतीकडे, आणि रजिस्टरं आत.

दुसरी पायरी: खरा आदेश ओळखणं

शाळेचा आदेश बेंगळूरहून शिक्षण खात्यातून निघतो, उपनिर्देशकांच्या कार्यालयात येतो, तिथून बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिस, तिथून सीआरपी (आसपासच्या शाळांचे समन्वयक) आणि मग तुम्ही. आपल्या एका महसुली जिल्ह्यात दोन शैक्षणिक जिल्हे आहेत हे नव्या माणसाने पहिल्या दिवशी समजून घ्यावं. खानापूर, बेळगाव ही नावं बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात. निपाणी, अथणी, हुक्केरी ही चिकोडीत. बेळगावच्या उपनिर्देशकांच्या सहीचं पत्र फिरत निपाणीच्या ग्रुपवर आलं, तर ते खरं असूनही तुमच्या शाळेला लागू नसेल. त्याशिवाय जिल्हाधिकारी तालुक्यांची नावं घालून सुट्टी जाहीर करतात, तेव्हा आपला तालुका त्या यादीत आहे का हे बोट ठेवून वाचावं लागतं.

मोबाईलवर आलेल्या पीडीएफमध्ये आधी तारीख पाहा, मग आदेशाचा क्रमांक, मग कोणत्या इयत्ता, मग कधीपासून कधीपर्यंत. गेल्या वर्षीचा आदेश नव्याने फिरणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि तो खोटा नसल्यामुळे जास्त फसवतो. शंका आली तर सीआरपींना फोन करा. त्यांनाही माहीत नसेल, तर तोवर गप्प राहणं बरं. पालकांना ‘आदेश आल्याचं ऐकलंय, खात्री करून रात्री आठला कळवतो’ एवढं सांगता येतं, आणि ते पुरतं.

आदेश कन्नडमध्ये असतो. तुमचं कन्नड चांगलं असेल तरी तो एकट्याने मराठीत करू नका. एकाने मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने मराठीत लिहावा, आणि शेवटी फक्त तारखा, इयत्ता आणि वेळा मूळ कागदावरून पुन्हा ताडून पाहाव्यात. काही पत्रांत तारखा कन्नड आकड्यांत असतात, आणि कन्नड सहा व नऊ हे आकडे घाईत, त्यातही झेरॉक्सच्या झेरॉक्सवर, एकमेकांसारखे दिसतात. परीक्षा ‘पुढे ढकलली’ आणि परीक्षा ‘रद्द झाली’ यांतला फरकही इथेच सांभाळायचा. सगळा आदेश भाषांतर करत बसायची गरज नाही. घराला जे करायचं आहे तेवढं मराठीत, आणि खाली मूळ पत्राचा फोटो, म्हणजे ज्याला वाचायचं तो वाचेल.

तिसरी पायरी: निरोप लिहिणं

माझ्या मते इथेच सगळं जमतं किंवा बिघडतं. आपण शिक्षक लोक सरकारी पत्र वाचून वाचून तशीच भाषा लिहायला लागतो. ‘सर्व पालकांना याद्वारे सूचित करण्यात येते की मा. उपनिर्देशक यांच्या आदेशान्वये’ इथपर्यंत वाचून होईतो आजीने फोन खाली ठेवलेला असतो.

आपल्या भागात निरोपाच्या पहिल्याच ओळीत दोन गोष्टी असल्या पाहिजेत: निरोप कोणत्या शाळेचा, आणि आदेश कोणत्या राज्याचा. कागल आणि निपाणी शेजारी आहेत, चंदगड आणि बेळगाव शेजारी आहेत, नातेवाईकांचे व्हॉट्सअप ग्रुप एकच आहेत. मावसभावाच्या शाळेचा निरोप आपल्या घरात सहज येतो. उदाहरणच घेऊ. २०२१ मध्ये कर्नाटकात नववीपासून वरचे वर्ग २३ ऑगस्टला सुरू झाले, सहावी ते आठवी ६ सप्टेंबरला आणि पहिली ते पाचवी थेट २५ ऑक्टोबरला. एकाच घरात तीन पोरं तीन वेगवेगळ्या तारखांना शाळेत जाणार होती. अशा वेळी निरोप असा लिहावा:

> सरकारी मराठी शाळा, आपलं गाव.
> कर्नाटक सरकारचा आदेश.
> सहावी, सातवी, आठवी: सोमवार ६ सप्टेंबरपासून शाळा सुरू.
> पहिली ते पाचवी: अजून बंद. तारीख ठरलेली नाही.
> येताना मास्क, पाण्याची बाटली आणि आईवडिलांची सही केलेलं संमतीपत्र आणावं. कोरा कागद शाळेत मिळेल.
> टीव्हीवर महाराष्ट्राची तारीख सांगतात, ती आपल्या शाळेला नाही.
> पुढचा निरोप शनिवारी संध्याकाळी साडेसातला.
> विचारायचं असेल तर रोज सहा ते सात फोन करा.

यातली ‘तारीख ठरलेली नाही’ ही ओळ गाळू नका. पालकांना उत्तर नसलं तरी चालतं, पण शाळेने काहीच न सांगणं चालत नाही. ती मोकळी जागा कोणीतरी भरतंच. आणि ‘पुढचा निरोप शनिवारी साडेसातला’ ही ओळ तर प्रत्येक निरोपात पाहिजे. नवीन काही नसलं तरी शनिवारी साडेसातला निरोप गेलाच पाहिजे: ‘या आठवड्यात नवा आदेश नाही, शाळा बंदच आहे, पुढचा निरोप पुढच्या शनिवारी.’ दोन-तीन शनिवार असे गेले की लोक मधल्या दिवसांत आलेल्या अफवेवर ‘थांब, शनिवारी सर सांगतील’ असं म्हणायला लागतात. हा विश्वास दुसऱ्या कशानेही तयार होत नाही.

वार आणि तारीख दोन्ही लिहा. ‘उद्या’, ‘परवा’ कधीच नको. निरोप एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरत गेला की उद्याचा परवा होतो. साध्या फोनवर एसएमएस पाठवणार असाल तर एक हिशेब लक्षात ठेवा: इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. वेलांट्या, काने, मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. म्हणून एसएमएससाठी निरोप वेगळा, एका ओळीचा लिहायचा.

चौथी पायरी: निरोप जाण्याच्या वाटा

स्मार्टफोनच्या घरांसाठी इयत्तेनुसार ग्रुप करा आणि त्यात फक्त अ‍ॅडमिननाच लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा. काही पालकांना हे रुचत नाही, आमचं म्हणणं कुठे मांडायचं असं ते विचारतात, आणि त्यांचं बरोबर आहे. त्याची सोय पुढे सांगतो. पण निरोपाचा ग्रुप निरोपालाच राहू द्या. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, हेही विसरू नका. आईचा किंवा कॉलेजात जाणाऱ्या बहिणीचा नंबर असेल तर घालण्याआधी विचारा. नको म्हणाल्या तर ब्रॉडकास्ट यादी वापरा. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप जातो. पालकसभेच्या दिवशी प्रत्येकाच्या फोनमध्ये शाळेचा नंबर तिथल्या तिथे सेव्ह करून घ्यावा. ‘घरी जाऊन करतो’ म्हटलं की राहून जातं.

लेखी निरोपामागून लगेच आवाजातला निरोप पाठवा. मिनिटभराचाच, सावकाश, मुलांच्या ओळखीच्या आवाजात. पहिलीच्या पोरांना त्यांच्या बाईंचा आवाज आला की ती आजीकडे फोन घेऊन पळतात, आणि आजीला तारीख कळते. कन्नड बोलणाऱ्या आयांसाठी तोच निरोप कन्नडमध्ये एकदा म्हणून पाठवला तर त्या शाळेच्या कायमच्या होतात.

साध्या फोनच्या घरांना फोनच करावा लागतो. हे एकट्याचं काम नाही. एसडीएमसीचे, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीचे, सदस्य हे पालकच असतात. प्रत्येकाने दहा-बारा घरं वाटून घ्यावीत. वहीच्या त्या पानांचा फोटो त्यांना द्या. फोन करणाऱ्याने निरोप स्वतःच्या शब्दांत रंगवून सांगू नये, समोर लिहिलेला तसाच वाचावा. हे सांगायला अवघड जातं, पण सांगा.

आता फोनच्या बाहेरच्या वाटा. गावात दोन ठिकाणी दररोज माणसं येतात: देवळापुढे आणि दूध डेअरीत. डेअरीत सकाळ-संध्याकाळ घरातलं कोणीतरी किटली घेऊन येतंच, लॉकडाऊनमध्येही दूध थांबलं नाही. डेअरीच्या भिंतीला एक फळा टेकवून ठेवण्याची परवानगी मागा, आणि दर शनिवारी त्यावर चार ओळी मोठ्या अक्षरांत लिहा. फॅटचा आकडा पाहायला वाकलेला माणूस फळाही वाचतो. देवळाच्या भोंग्यावरून सांगायचं असेल तर कमिटीला आधी विचारावं, वेळ डेअरीची धरावी आणि निरोप दोनदा वाचावा. भोंग्यावर फक्त सगळ्यांसाठीच्या गोष्टी: तारीख, धान्यवाटप, पुस्तकं. कोणाचं नाव, कोणाचं आजारपण भोंग्यावरून कधीच जाता कामा नये.

रेशन दुकान, पंचायतीचा फलक, पिठाची गिरणी याही जागा आहेतच. आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका घरोघर फिरतात म्हणून त्यांच्यावर शाळेचं काम टाकण्याचा मोह होतो. महामारीत त्यांच्या डोक्यावर आधीच डोंगर असतो. एखाद्या लांबच्या घराची चिठ्ठी द्यायला त्यांना विनंती करावी, सगळ्या गावाची नव्हे.

खानापूरच्या जंगलाकडच्या वाड्यांचं गणित निराळं. जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात जुलैत पाऊस लागला की वीज जाते आणि मोबाईलचा टॉवरही गप्प होतो. तिथे कागदाला पर्याय नाही. प्रत्येक वाडीतला एक माणूस ठरवून ठेवा, जो रेशन किंवा औषधाला आठवड्यातून एकदा तरी खाली येतो. त्याच्या हाती चिठ्ठ्यांचं पाकीट द्यायचं आणि पुढच्या वेळी पोच घ्यायची. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पावसात भिजलेल्या कागदावरची तारीख कोणालाच वाचता येत नाही.

पाचवी पायरी: तारखांशिवाय काय कळवायचं

शाळा बंद म्हणजे फक्त पाठ बंद नाहीत, अक्षर दासोहाचं दुपारचं जेवण आणि दूधही बंद. २०२० मध्ये शाळा बंद होताच मार्चमध्येच सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या जेवणाची स्वतःहून दखल घेतली, आणि पुढे मुलांच्या घरी धान्य देण्याची व्यवस्था झाली. विडी कामगाराच्या किंवा मजुराच्या घरात हा निरोप परीक्षेच्या निरोपाहून मोठा असतो. धान्यवाटपाचा निरोप फार काळजीने लिहा: कोणत्या इयत्तेने कोणत्या दिवशी किती वाजता यायचं, पिशवी किती आणायची, मूल यायला हवं की मोठं माणूस चालेल, आणि मुलाच्या वाट्याचं तांदूळ-डाळ किती किलो. किलो न सांगता बोलावलं की कमी मिळाल्याचा संशय येतो, आणि एकदा संशय आला की शाळेचे पुढचे सगळे निरोप त्याच नजरेने वाचले जातात. ज्या दिवशी येता आलं नाही त्यांनी काय करायचं हेही सांगा. ऊसतोडीला गेलेल्या घराचं धान्य बुडता कामा नये.

टीव्हीवरच्या पाठांबद्दलही बोला. सह्याद्री वाहिनीवर बालभारतीच्या अभ्यासक्रमाचे मराठी पाठ लागत होते, आणि आपली मुलं ते आवडीने बघत होती. बघू द्यावेत, मराठी कानावर पडतं. पण आपली पुस्तकं कर्नाटकाची आहेत आणि परीक्षा त्यांवरच, हे पालकांना स्पष्ट सांगायला हवं. चंदना या कन्नड वाहिनीवरचे पाठ आपल्या पुस्तकाला धरून होते, पण कन्नडमध्ये. सातवी-आठवीच्या मुलाला गणिताचा कन्नड पाठ बऱ्यापैकी समजतो. तिसरीच्या पोराला समजत नाही. कोणत्या इयत्तेने काय बघावं हे इयत्तेनुसार एका ओळीत लिहून द्या.

२०२० च्या ऑगस्टमध्ये विद्यागम सुरू झालं, शिक्षक गल्लीत, देवळाच्या ओसरीत जाऊन शिकवू लागले, आणि ऑक्टोबरात संसर्गाच्या भीतीने ते थांबवावं लागलं. अशा उपक्रमात सुरू होण्याचा निरोप सगळे उत्साहाने देतात. थांबण्याचा निरोप मात्र तितक्याच वेगाने गेला पाहिजे, नाहीतर सकाळी पोरं ओसरीत येऊन बसतात आणि मास्तर येत नाहीत.

पुण्या-मुंबईहून, गोव्याहून परत आलेल्या घरांना एक गोष्ट आवर्जून कळवा: जुन्या शाळेचा दाखला हातात नसला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. दाखल्यापायी पोर घरी बसलंय, असं एकही घर गावात राहू नये.

आणि १०९८ हा नंबर प्रत्येक दोन-तीन निरोपांनंतर पुन्हा लिहा. शाळा बंद असते तेव्हा पोरीचं लग्न उरकून टाकण्याचा विचार काही घरांत येतो, पोराला हॉटेलात किंवा गॅरेजात लावण्याचा येतो. हा मुलांसाठीचा मदतीचा फोन आहे, पैसे लागत नाहीत. मुलांना तो पाठ असायला हवा, म्हणून शाळा चालू असतानाच वर्गातल्या फळ्याच्या वर रंगवून घ्या.

सहावी पायरी: हद्दीपलीकडची घरं

आपल्या शाळांत काही मुलं आणि बरेच शिक्षक पलीकडून येतात: कागल, गडहिंग्लज, चंदगड, कागवाडच्या बाजूला मिरज. कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआर रिपोर्ट मागायला लागले तेव्हा त्यांची फार ओढाताण झाली. नाक्याचे नियम दर काही दिवसांनी बदलतात, म्हणून शाळेच्या निरोपात ते लिहू नका. ‘नाक्याचा नियम जिल्हा प्रशासनाकडून विचारून घ्या’ एवढंच लिहा. शाळेने करायचं ते वेगळं: मुलाचं ओळखपत्र, परीक्षेचं हॉलटिकीट, शाळेच्या शिक्क्याचं पत्र त्यांच्या हातात वेळेआधी देणं. पलीकडच्या घरांची वहीत वेगळी खूण करा आणि त्यांना निरोप इतरांच्या एक दिवस आधी कळेल असं बघा, कारण त्यांना यायला एक दिवस जास्त लागतो.

सातवी पायरी: आजारपण आणि मृत्यू

शाळेतल्या कोणाला लागण झाली की नाव सगळ्यात आधी फिरतं. शाळेच्या निरोपात नाव, इयत्ता, गल्ली काहीही नको. ‘शाळेशी संबंधित एका व्यक्तीला लागण झाली आहे. आरोग्य खात्याला कळवलं आहे. ज्यांना तपासणी करायची त्यांना आम्ही स्वतः फोन करू’ इतकं पुरे. आणि तो फोन त्याच दिवशी व्हायला हवा. गावातल्या दुसऱ्या एखाद्या ग्रुपवर कोणी नाव टाकलं तर तिथल्या अ‍ॅडमिनने ते काढून टाकावं आणि टाकणाऱ्याला खासगीत समजावावं.

ज्या घरात माणूस गेलं, त्या घराला धान्याचा, संमतीपत्राचा, कसलाही छापील निरोप पाठवण्याआधी वर्गशिक्षकाने बोलावं. जमेल तसं, फोनवर का होईना. आई किंवा बाप कोविडने गेलेल्या मुलांसाठी केंद्राने आणि राज्याने योजना आणल्या होत्या. त्यांचे कागद कोणते, कुठे द्यायचे ही माहिती त्या घराला शोधायला लावू नका. तुम्ही काढून, लिहून, घरी नेऊन द्या.

आठवी पायरी: पोचला का ते बघणं

निळ्या खुणा म्हणजे निरोप पोचला असं नाही. शनिवारी निरोप गेला की रविवारी वहीतली पाच पानं कशीही उघडून त्या घरांना फोन करा, त्यातलं एक तरी तिसऱ्या रंगाचं असू द्या. ‘निरोप मिळाला का’ असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. ‘शाळा कधी उघडणार म्हणाली?’ असं विचारा. आईने वार आणि तारीख सांगितली तर पोचला. ‘सोमवारी म्हणत होते वाटतं’ असं उत्तर आलं तर लिहिण्यात काहीतरी गोंधळ आहे. सगळ्यांनाच तसं वाटलं असणार, तेव्हा त्याच दिवशी सुधारलेला निरोप पाठवा आणि वर ‘सुधारित’ असं लिहा.

मघाशी म्हटलेली पालकांच्या बोलण्याची सोय ही: रोज सहा ते सात एका शिक्षकाने फोन उचलायचा, पाळीपाळीने. आलेला प्रश्न वहीच्या मागच्या पानांवर लिहायचा. एकच प्रश्न तीन घरांनी विचारला की त्याचं उत्तर शनिवारच्या निरोपात जाणार. माहीत नसलेल्या प्रश्नाला ‘विचारून सांगतो’ म्हणायचं, आणि खरंच विचारून सांगायचं. पालक रागावून बोलले तर ऐकून घ्या. काम सुटलेलं, घरात आजारपण, पोर दिवसभर फोनवर, असा तो राग असतो. त्यात शाळेचा वाटा थोडाच असतो, पण फोन उचलणारं माणूस तेवढं शाळेचंच असतं.

शाळा उघडली की काम संपत नाही. पहिल्या दिवशी हजेरी झाली की न आलेल्या मुलांची पानं वहीतून काढा आणि त्याच संध्याकाळी त्या घरांना फोन करा. दुसऱ्या दिवशीही आली नाहीत तर घरी जा. आठवीच्या मुली आणि सातवीपुढचे मुलगे आधी, कारण हीच परत न येण्याची शक्यता जास्त.

मग वही अद्ययावत करा: बदललेले नंबर, गाव सोडून गेलेली घरं, नव्याने आलेली. तुमची बदली झाली तर ती चार्ज लिस्टमध्ये नोंदवून, नव्या मुख्याध्यापकांबरोबर अर्धा तास बसून, पान पान समजावून त्यांच्या हवाली करा.